बिघडलेल्या यंत्रांची शाळा

बाकावर एक संगणक उघडा ठेवला आहे. बाजूचे पत्र्याचे झाकण काढलेले, आत धुळीचा थर, राखाडी पट्ट्यांसारख्या केबलींचा गुंता. बटण दाबले की पंखा फिरतो, हार्ड डिस्क कुरकुरते, पडदा मात्र काळाच राहतो. मग आतून आवाज येतो: एक लांब बीप, पाठोपाठ दोन आखूड. समोरचा विद्यार्थी वही उघडतो. बायोस, म्हणजे यंत्र सुरू करणारी आतली प्रणाली, अवॉर्ड कंपनीची असेल तर या खुणेचा अर्थ व्हिडिओ कार्डाची गडबड. तो वीज बंद करतो, मनगटाला पट्टा बांधतो, पट्ट्याची चिमटी सांगाड्याच्या पत्र्याला लावतो आणि कार्ड चाचपून पाहतो. ते एका बाजूने जेमतेम दोन मिलिमीटर वर आलेले असते. चहाच्या सुट्टीत शिक्षकांनीच ते उचलून ठेवलेले असते.

संगणक दुरुस्ती शिकवणाऱ्या वर्गांत असे मुद्दाम केलेले बिघाड हा रोजचा पाठ असतो. पुस्तकात वाचलेला बीपचा तक्ता आठवड्याभरात पुसला जातो. स्वतः कार्ड दाबून बसवल्यावर उजळलेला पडदा लक्षात राहतो. न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्स भागात १९९५ साली स्थापन झालेली ‘पर स्कोलास’ ही संस्था याच कामावर उभी राहिली. टाकून दिलेले संगणक गोळा करण्यापासून तिने सुरुवात केली, पुढे कमी उत्पन्नाच्या माणसांना संगणक तंत्रज्ञ बनवण्याचे काम हाती घेतले, आणि आपल्या शिकवण्याचा खरोखर उपयोग होतो का हे तपासायला तिने बाहेरच्या अभ्यासकांना दार उघडून दिले. २०२५ मध्ये या संस्थेला तीस वर्षे झाली. हाताचे काम शिकवणाऱ्या कोणालाही या इतिहासातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

साउथ ब्राँक्स हे नाव अमेरिकेत फार काळ उद्ध्वस्त वस्तीची खूण म्हणून घेतले जाई. १९७० च्या दशकात तिथल्या इमारतींना एकामागून एक आगी लागत गेल्या, घरमालकांनी घरे वाऱ्यावर सोडली, रहिवासी निघून गेले. ऑक्टोबर १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर शार्लट स्ट्रीटवरच्या ढिगाऱ्यांतून चालत गेले आणि त्या भेटीची छायाचित्रे सगळीकडे छापली गेली. पुढच्या काळात घरे पुन्हा बांधली गेली. त्याच शार्लट स्ट्रीटवर अंगण असलेली बैठी घरे आली. रोजगार मात्र तसा परतला नाही. कारखान्यांतली कामे गेली होती आणि नवी कामे संगणकासमोर बसून करायची होती.

१९९५ च्या जुलैमध्ये अमेरिकी सरकारच्या दूरसंचार विभागाने एक अहवाल काढला. कोणाच्या घरी फोन आहे, कोणाकडे संगणक आहे, कोणाकडे मोडेम आहे याची ती मोजदाद होती, आणि गरीब शहरी वस्त्या त्यात बऱ्याच मागे दिसत होत्या. पुढच्याच महिन्यात, २४ ऑगस्टला, विंडोज ९५ बाजारात आले. कालपर्यंत नीट चालणारी ३८६ आणि ४८६ प्रोसेसरची यंत्रे कार्यालयांना अपुरी वाटू लागली. मॅनहॅटनच्या उंच इमारतींतून हे संगणक अडगळीत जात होते, आणि सबवेने थोड्याच अंतरावर असलेल्या ब्राँक्समधल्या कित्येक शाळकरी मुलांनी संगणकाला हातही लावलेला नव्हता.

जॉन स्टुकी यांना ही दोन टोके जुळवता येतील असे वाटले. क्वांटम केमिकल या मोठ्या रसायन कंपनीचे प्रमुखपद सांभाळलेला हा माणूस. कार्यालये यंत्रे कधी आणि का बदलतात हे त्यांना आतून माहीत होते. कंपन्यांकडून जुने संगणक घ्यायचे, दुरुस्त करायचे आणि शाळांपर्यंत, कमी उत्पन्नाच्या घरांपर्यंत पोचवायचे, अशी त्यांची कल्पना. संस्थेचे लॅटिन नावही त्यातूनच आले: ‘पर स्कोलास’, म्हणजे शाळांच्या मार्फत.

दान म्हणून आलेला संगणक चालू स्थितीत असेलच असे नाही. एकाची हार्ड डिस्क गेलेली, दुसऱ्याचा पॉवर सप्लाय जळालेला, तिसऱ्याची मेमरी कोणीतरी काढून घेतलेली. तीन यंत्रांतून एक चालते यंत्र उभे करायचे, तर काय काढायचे, कशात बसवायचे आणि ते बसेल का, हे कळणारी माणसे लागतात. यंत्रांचा ढीग दारात होता आणि कामाच्या शोधातली माणसे शेजारच्या गल्लीत होती. १९९८ पासून संस्थेने संगणक तंत्रज्ञांचे प्रशिक्षण सुरू केले. शाळांना संगणक पुरवणारी संस्था हळूहळू स्वतःच शाळा झाली.

या शाळेला टेकू मिळाला तो एका परीक्षेचा. संगणक विक्रेत्यांनी १९८२ मध्ये अमेरिकेत एक संघटना स्थापन केली होती. १९९० मध्ये तिने कॉम्पटिया हे नाव घेतले आणि १९९३ मध्ये ‘ए-प्लस’ ही तंत्रज्ञांची प्रमाणपत्र परीक्षा आणली. तोवर आयबीएमचे यंत्र दुरुस्त करणारा आयबीएमचे प्रशिक्षण घेई, कॉम्पॅकचा कॉम्पॅकचे. ए-प्लस कोणत्याही एका कंपनीची नव्हती. ब्राँक्समध्ये राहणारा, पदवी नसलेला, ओळखीपाळखी नसलेला तरुण मॅनहॅटनमधल्या मुलाखतीला गेला, तर त्याच्याविषयी अनोळखी माणसाने दिलेली एवढीच ग्वाही त्याच्या हातात असे. म्हणून संस्थेने आपले स्वतःचे रंगीत प्रमाणपत्र छापून समाधान मानले नाही. बाजारात चालणाऱ्या परीक्षेला विद्यार्थी बसवायचे, हे तिने ठरवून घेतले. हा निर्णय फार शहाणपणाचा होता. जी परीक्षा आपण घेत नाही, तिच्यात आपला विद्यार्थी उतरतो की नाही हे लपवता येत नाही.

अभ्यासक्रम पंधरा आठवड्यांचा, सुमारे ५०० तासांचा. म्हणजे आठवड्याला तेहतीस तासांहून थोडे अधिक, जवळजवळ नोकरीच. विद्यार्थ्यांकडून फी नाही. प्रवेशासाठी शालान्त परीक्षा किंवा तिच्या तोडीचे प्रमाणपत्र हवे, वाचन-गणिताच्या दहावीच्या पातळीच्या चाचणीत उतरावे लागे आणि मुलाखत होई. तांत्रिक विषयांबरोबर मुलाखतीला कसे जायचे, वरिष्ठांशी आणि ग्राहकांशी कसे बोलायचे, वेळ कशी पाळायची याचेही तास होते. काही विद्यार्थ्यांना संस्थेच्याच पुनर्वापर केंद्रात उमेदवारी करता येई.

ही उमेदवारी या संस्थेची मोठी जमेची बाजू होती. इतर ठिकाणी प्रात्यक्षिकाला दोन-चार ठरावीक यंत्रे असतात आणि प्रत्येक तुकडी त्यांचेच स्क्रू काढते-घालते. वर्षभरात त्या स्क्रूंचे आटे जातात आणि बिघाडही पाठ होतात. पुनर्वापर केंद्रात येणारे यंत्र कोणत्या कंपनीचे, कोणत्या सालचे आणि कशाने मेलेले, हे कोणालाच आधी माहीत नसते. तिथे उत्तर शिक्षकांनाही शोधावे लागते, आणि अनुभवी माणूस अडल्यावर काय करतो हे विद्यार्थ्याला समोर पाहायला मिळते. कोणत्याही पुस्तकात हे पान नसते.

त्या काळच्या ए-प्लस विद्यार्थ्याला काय काय यावे लागे, हे आज वाचताना गंमत वाटेल. हार्ड डिस्क आणि सीडी ड्राइव्ह एकाच केबलवर लावायचे तर मागच्या बारीक पिनांवर प्लॅस्टिकची इवलीशी टोपी, म्हणजे जम्पर, बसवून एकाला मास्टर आणि दुसऱ्याला स्लेव्ह करावे लागे. दोघेही मास्टर राहिले की दोघेही गप्प. साउंड कार्ड आणि दुसऱ्या एखाद्या कार्डाने एकच आयआरक्यू क्रमांक, म्हणजे प्रोसेसरला हाक मारण्याची ओळ, धरला तर गाणे लावल्याबरोबर यंत्र गोठे. पट्टीसारख्या केबलची लाल कड एक नंबरच्या पिनेकडे ठेवायची. उलटी लावली की फ्लॉपीचा दिवा लागून राहतो, विझतच नाही. यातले बरेचसे ज्ञान पुढच्या दहा वर्षांत निरुपयोगी झाले. साटा केबल आली, जम्पर गेले. आयआरक्यू वाटून देण्याचे काम यंत्र स्वतःच करू लागले. निरुपयोगी झाली नाही ती सवय: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बदलल्यावर तपासायचे, फरक पडला नाही तर ती पूर्ववत करून मगच दुसरीला हात लावायचा.

तीच सवय कॉम्पटियाने सहा पायऱ्यांत बांधली आहे. अडचण नेमकी काय ते समजून घ्या, कारणाचा अंदाज बांधा, अंदाज तपासा, उपाय ठरवून अमलात आणा, सगळे पुन्हा चालते आहे ना ते पाहा, आणि काय सापडले, काय केले ते लिहून ठेवा. नवख्या विद्यार्थ्याचा हात पहिली पायरी सोडून थेट चौथीवर जातो. पंखा मोठ्याने वाजतो म्हटल्यावर तो पंखा बदलून मोकळा होतो. हीटसिंकच्या पात्यांत अडकलेली धूळ तशीच राहते आणि नवा पंखाही तसाच वाजू लागतो. आणि सहावी पायरी? ती अनुभवी माणसेही टाळतात. शिक्षकांचा निम्मा जीव या दोन पायऱ्यांसाठी खर्ची पडतो.

हात वापरायचा तर हातापासून यंत्राला आणि यंत्रापासून हाताला जपायला हवे. कोरड्या हिवाळ्यात गालिच्यावरून चालत आलेल्या माणसाच्या बोटातून ठिणगी उडते, तेव्हा ती साधारण तीन हजार व्होल्टची असते. त्याहून कमी असेल तर माणसाला जाणवतही नाही. मेमरीची चिप शंभर व्होल्टच्या आतही जायबंदी होऊ शकते, आणि बहुतेक वेळा लगेच मरत नाही. दोन महिन्यांनी कधीतरी निळा पडदा दाखवते. म्हणून मनगटाचा पट्टा. मात्र जुना, फुगीर काचेचा सीआरटी मॉनिटर उघडायचा असेल तेव्हा हाच पट्टा आधी काढून ठेवायचा, हेही तितकेच घोकून घेतले जाई. त्या नळीत वीस हजार व्होल्टच्या वरचा भार वीज काढल्यावरही साचून राहू शकतो, आणि पट्टा बांधलेला माणूस त्या भाराला जमिनीकडे जायची सोपी वाट करून देतो. एकाच साधनाने एका ठिकाणी यंत्र वाचते आणि दुसऱ्या ठिकाणी माणूस जातो. पट्टा बांधायचा का, याआधी समोर काय आहे हे विचारायला शिकवणे, हे या प्रशिक्षणाचे मर्म आहे.

त्याच काचेत शिसे असते: एका मॉनिटरमध्ये दोन ते चार किलोच्या आसपास. असे मॉनिटर नुसते कचऱ्यात गेले तर ते शिसे माती-पाण्यात उतरते. पुनर्वापर केंद्र चालवणाऱ्या संस्थेला हे काम शिक्षणाइतकेच जबाबदारीने करावे लागे. न्यूयॉर्क राज्याने २०१० मध्ये इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचा कायदा केला आणि एप्रिल २०११ पासून जुनी यंत्रे परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आली. संस्थेचा भर तोवर प्रशिक्षणाकडे वळला होता.

नेटवर्किंगचा भाग आला की बाकावरचे दृश्य बदलते. मोठ्या यंत्राच्या जागी निळ्या केबलचे वेटोळे, क्रिम्पिंगचा चिमटा, पारदर्शक आरजे-४५ कनेक्टरची पिशवी. वरचे आवरण साधारण इंचभर सोलायचे, आतल्या पिळलेल्या चार जोड्या मोकळ्या करायच्या आणि आठ तारा ठरावीक क्रमाने शेजारी-शेजारी चपट्या धरायच्या: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हा टी-५६८-बी क्रम. टोके एका रेषेत कापायची, कनेक्टर सरकवायचा, प्रत्येक तांब्याचे टोक पुढच्या भिंतीला टेकलेले दिसते का ते उजेडात धरून पाहायचे आणि मग चिमटा दाबायचा. पहिल्या दिवशी दहातली सात टोके वाया जातात. कोणाची बोटे जाड, कोणाची तार निसटते, कोणाच्या हातून आवरण इतके मागे राहते की ओढताच तारा हातात येतात.

या क्रमात एक कोडे आहे आणि चांगला शिक्षक तिथे थांबतो. नारिंगी जोडी शेजारी, तपकिरी जोडी शेजारी. मग हिरव्या जोडीच्या मध्ये निळी का घुसवली? हे वळण टेलिफोनकडून आले. फोनच्या सॉकेटमध्ये मधल्या दोन पिना पहिल्या लाइनच्या असत. त्या निळ्या जोडीला मिळाल्या आणि पुढची जोडी तिच्या दोन बाजूंना बसली. एखादा विद्यार्थी स्वतःच्या तर्काने हिरव्या दोन्ही तारा शेजारी लावतो आणि दुसऱ्या टोकालाही तसेच करतो. स्वस्तातला टेस्टर लावला की एक ते आठ सगळे दिवे ओळीने लागतात. तार बरोबर आहे असे वाटते. प्रत्यक्षात तीन आणि सहा क्रमांकाच्या पिनांवर आता दोन वेगवेगळ्या जोड्यांच्या तारा आलेल्या असतात, एकमेकींभोवती पिळलेल्या नसलेल्या. पिळामुळे जो गोंगाट परस्पर कटतो तो कटत नाही. नेटवर्क जोडले जाते, पण फायली रखडतात, अधूनमधून तुटते. दिवे हिरवे आणि काम बंद: असा बिघाड एकदा स्वतःच्या हातून झाला की विद्यार्थी रंगांचा क्रम पाठ करत नाही, समजून घेतो. पीळ उकलायचा तोही अर्ध्या इंचाच्या आतच, आणि एका सलग केबलची हद्द शंभर मीटर, हे आकडे मग आपोआप बसतात.

साउथ ब्राँक्समध्ये हे सगळे शिकून बाहेर पडलेल्याला पुढे काय मिळाले? प्रशिक्षण संस्थांच्या अहवालांत या प्रश्नाचे उत्तर बहुधा यशस्वी विद्यार्थ्यांच्या फोटोंनी दिले जाते. पण तो विद्यार्थी हुशार आणि जिद्दीचा होता म्हणून पुढे गेला, की प्रशिक्षणामुळे गेला? जिद्दीच्या माणसाला कोर्स नसतानाही काहीतरी सापडले असते. हा प्रश्न सोडवण्याचा कठोर मार्ग एकच. पात्र अर्जदारांतून सोडत काढायची. निम्म्यांना प्रवेश द्यायचा, निम्म्यांना नाकारायचा, आणि दोन वर्षे दोन्ही गटांच्या कमाईवर लक्ष ठेवायचे.

‘पर स्कोलास’ने याला होकार दिला. पब्लिक-प्रायव्हेट व्हेंचर्स या संशोधन संस्थेने बोस्टन आणि मिलवॉकीतल्या एकेका संस्थेसह तिचा असा अभ्यास केला. तिन्ही मिळून १,२८६ माणसे त्यात होती. निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. दोन वर्षांच्या काळात प्रशिक्षण मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा १८ टक्क्यांनी, म्हणजे सुमारे साडेचार हजार डॉलरने जास्त भरली. सुरुवातीचे महिने तर वर्गात बसण्यात जातात, तेव्हा कमाई बुडतेच. एकट्या दुसऱ्या वर्षाचा फरक २९ टक्के होता. अमेरिकेत तोवर अल्पमुदतीच्या रोजगार प्रशिक्षणाविषयी जाणकारांत निराशाच अधिक होती. त्या पार्श्वभूमीवर हे आकडे वाचले गेले.

पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, ‘वर्कॲडव्हान्स’ नावाचा दुसरा मोठा प्रयोग सुरू झाला. चार संस्था, २,५६४ माणसे, पुन्हा सोडत. अभ्यास एमडीआरसी या संस्थेचा. २०१६ मध्ये पहिले निष्कर्ष आले तेव्हा चौघींत कमाईतली सर्वांत मोठी वाढ ‘पर स्कोलास’च्या विद्यार्थ्यांची होती. हार्वर्डचे अर्थशास्त्रज्ञ लॉरेन्स कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा कार्यक्रमांचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा त्यांना दिसले की फायदा मुख्यतः जास्त पगाराच्या कामात शिरकाव झाल्यामुळे होतो. नुसते काम मिळण्या-न मिळण्यातला फरक त्यामानाने लहान. कारणे म्हणून त्यांनी ज्या गोष्टी पुढे आणल्या त्या ब्राँक्सच्या वर्गात पहिल्यापासून होत्या: प्रवेशापूर्वीची पारख, हातात येणारे कौशल्य, वागण्या-बोलण्याचे शिक्षण, बाजारात मान असलेले प्रमाणपत्र आणि नोकरी देणाऱ्यांशी थेट संबंध.

प्रवेशापूर्वीची ही पारख हा या इतिहासातला सर्वांत अवघड मुद्दा आहे. ज्याचे वाचन दहावीच्या पातळीचे नाही, ज्याला पंधरा आठवडे पगाराशिवाय काढणे शक्य नाही, तो दारातूनच परत जातो. गरज कदाचित त्यालाच सर्वांत जास्त असते. आकड्यांचे श्रेय संस्थेला द्यायचे तर ही बाजूही त्याच पानावर लिहायला हवी. पाया कच्चा असलेल्यांना आधी पाया आणि मग बाक, अशी दोन टप्प्यांची सोय जिथे नाही, तिथे कितीही चांगली संस्था वस्तीच्या एका थरापर्यंतच पोचते.

२००३ मध्ये संस्थेची धुरा प्लिनिओ आयाला यांच्याकडे आली. त्यांच्या काळात ब्राँक्सबाहेर शाखा निघाल्या: ओहायोत कोलंबस आणि सिनसिनाटी, मग डॅलस, अटलांटा आणि इतर शहरे. अभ्यासक्रमांत सायबर सुरक्षा आणि क्लाउड आले. २०१८ मध्ये गुगलने आयटी सपोर्टचे स्वतःचे प्रमाणपत्र सुरू केले, तेव्हा ते गरजू विद्यार्थ्यांपर्यंत नेण्यासाठी ज्या संस्थांना साह्य दिले गेले, त्यांत ही होती.

परीक्षाही बदलत गेली. २०१० अखेरपर्यंत ए-प्लस एकदा मिळाले की जन्मभराचे असे. २०११ पासून ते तीन वर्षांनी नव्याने राखावे लागते. २०१२ च्या आवृत्तीपासून पर्याय निवडायच्या प्रश्नांबरोबर पडद्यावर काम करून दाखवायचे प्रश्न आले: हे राउटर असे जोडा, हे भाग योग्य जागी बसवा. आज परीक्षेचे दोन भाग असतात, प्रत्येकी नव्वद मिनिटे आणि जास्तीत जास्त नव्वद प्रश्न. नऊशेच्या श्रेणीत पहिल्यात ६७५ आणि दुसऱ्यात ७०० गुण लागतात. मिनिटाला एक प्रश्न सोडवायचा तर विचार करायला वेळ नसतो. ज्याने ते काम हाताने केले आहे त्याला तो लागतही नाही.

मार्च २०२० मध्ये न्यूयॉर्क बंद पडले आणि वर्ग घरोघरच्या पडद्यांवर गेले. हाताचे काम शिकवणाऱ्यांसाठी ते दिवस फार कठीण होते. नेटवर्किंगला आधार होता: सिस्कोच्या पॅकेट ट्रेसरसारख्या आभासी प्रयोगशाळेत राउटर, स्विच, केबल सगळे पडद्यावर जोडता येते आणि आदेश खऱ्यासारखेच द्यावे लागतात. पण रॅम दाबताना दोन्ही कड्या ‘कट्’ करून बसल्याचा जो अंदाज अंगठ्याला येतो, प्रोसेसरवर थर्मल पेस्टचा थेंब वाटाण्याएवढा म्हणजे नेमका केवढा, लेझर प्रिंटरचा फ्यूजर किती वेळाने हात लावण्याजोगा थंड होतो, हे पडद्यावरून पोचवता येत नाही.

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनाबाहेर पडून डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाने, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या लॅमिंग्टन रोडने चालत गेले की या विद्येची दुसरी शाळा दिसते. तिथल्या गाळ्यांत कित्येकांनी प्रमाणपत्राशिवाय, उस्तादाच्या शेजारी बसून मदरबोर्ड वाचायला शिकून घेतले. आपल्या आयटीआयमध्ये माहिती आणि संप्रेषण तंत्रज्ञान प्रणालीच्या देखभालीचा दोन वर्षांचा ट्रेड आहे; तिथेही केबल सोलण्यापासून सुरुवात होते आणि तिथेही रॅमचे सोनेरी दात खोडरबराने पुसले जातात. गाळ्यातला हात आणि परीक्षेतली ओळख यांची गाठ मारण्याचे जे काम साउथ ब्राँक्समध्ये झाले, त्याला आपल्याकडे अजून पुष्कळ वाव आहे.

संस्थेच्या तिसाव्या वर्षात गोष्ट पुन्हा पहिल्या वळणावर आली. विंडोज ९५ च्या वेळी झाले होते तसेच काहीसे १४ ऑक्टोबर २०२५ ला झाले: मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसरही ठरावीक पिढीच्या पुढचा लागतो. चालती यंत्रे पुन्हा एकदा कार्यालयांच्या अडगळीत निघाली. त्यांतली काही खरोखर जुनी आहेत. त्यांच्यावर लिनक्स टाकून शाळेला देता येईल. काहींवर मात्र ‘हे यंत्र चालणार नाही’ असा शेरा मारलेला असतो आणि टीपीएम आत असते, फक्त बायोसच्या एका पानावर बंद ठेवलेले. तंत्रज्ञ यंत्र सुरू करतो, डिलीट किंवा एफ-२ दाबून बायोसमध्ये शिरतो, सुरक्षेच्या पानावर ‘डिसेबल्ड’चे ‘एनेबल्ड’ करतो, एफ-१० दाबून बाहेर येतो, आणि सहावी पायरी म्हणून झाकणावरच्या चिठ्ठीवर तारीख आणि केलेला बदल लिहून यंत्र ‘चालते’च्या फळीवर ठेवतो.